तिसऱ्या गिअरमधलं हसू

तिसरा आवाज सुरू झाला तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता. बैठकीच्या खोलीतले पडदे अर्धवट ओढलेले होते, समोरच्या भिंतीवर एक राखाडी रेघ आवाजाबरोबर वरखाली होत होती, आणि टेबलाभोवतीच्या मंडळींच्या चेहऱ्यांवर निर्णय कधीच होऊन गेलेला होता, आता फक्त त्याला कारणं जोडायची होती. पाहणी करणाऱ्या संस्थेतून आलेली बाई हातातली कळ दाबून एकेक आवाज ऐकवत होती. नवी दोन सीटची गाडी काढायची की ते खातंच बंद करायचं, यासाठी कंपनीने तिच्याकडून एकच गोष्ट विचारून घेतली होती: आजच्या पंचविशी-तिशीतल्या मुलामुलींना स्पोर्ट्स कार हवीशी वाटते का? नावं नाहीत, चेहरे नाहीत, नुसते आवाज. पहिला कुणी मुलगा म्हणाला, गाडी भारीच आहे, पण ती घेऊन जायचं कुठे, सिग्नलला उभं राहायला? दुसरी एक मुलगी म्हणाली, माझ्या काकांकडे आहे तसली, ते तिला इतकं पुसत बसतात की काकूला तिचा राग येतो, मला नाही बाई असली जबाबदारी. यावर टेबलाभोवती हसू फुटलं. तो हसला नाही. कारखान्यात त्याला सगळे पाठीमागे आणि हल्ली तोंडावरही कानसेन म्हणत, कारण गेली कित्येक वर्षं इथल्या प्रत्येक गाडीने कुठल्या वेगाला कसं गुरगुरायचं, कसं घुमायचं आणि कुठे गप्प बसायचं हे तोच ठरवत आला होता. गाडीचा आवाज आपोआप येतो असं लोकांना वाटतं. तो येत नाही. तो घडवावा लागतो, सायलेन्सरच्या पोटातला पत्रा केसभर इकडेतिकडे सरकवून, महिनोन्‌महिने.

तिसरा आवाज म्हणाला, "आमच्याकडे होती. म्हणजे आहे अजून. दोन सीटची. आणि घरात आम्ही तिघं."

त्याची मान वळली. भिंतीवरची रेघ थरथरून खाली बसली होती. आवाज पुढे बोलण्याआधी दातांच्या फटीतून बारीकसा श्वास आत ओढला गेला. तो श्वास या खोलीत फक्त त्यालाच माहीत होता. त्याची मुलगी बोलायला शिकली तेव्हापासून तो तिच्या बोलण्याला चिकटलेला होता. "लहान असताना दर रविवारी मला त्या गाडीत बसायला लागायचं. मला भीती वाटायची. पोटात गोळा यायचा. आणि माझं असं आहे, की भीती वाटली की मला हसू येतं. अजूनही येतं. थांबतच नाही. बाबांना वाटायचं मला मजा येतेय. मग ते अजून जोरात घ्यायचे." रेकॉर्डिंगमध्येच कुणीतरी विचारलं, मग तुम्ही स्वतः घ्याल का अशी गाडी? "फुकट दिली तरी नको. आणि खरं सांगू का, ते मला देणारच आहेत." एवढं बोलून आवाज थांबला. टेबलाभोवती पुन्हा हसू झालं, जरा जास्तच मोकळं, आणि संचालक बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "तुमचं काय मत?" तो म्हणाला, "तिसरा परत लावा." पाहणीवाल्या बाईने तो परत लावला. सगळ्यांना वाटलं, कानसेन कामाला लागले.

दुसऱ्यांदा ऐकताना तो शब्द ऐकतच नव्हता. आवाजात कुठे काही पाठ केल्यासारखं आहे का, कुणी बोलायला लावल्यासारखं आहे का, तो शोधत होता. इंजिनात खोट असली की ती त्याला शब्दाशिवाय कळायची. इथे काही सापडलं नाही. आवाज स्वच्छ होता, हलका होता, खांद्यावरून काहीतरी उतरवून ठेवल्यावर माणसाचा होतो तसा. घरी ती त्याच्याशी कधी या आवाजात बोललेली त्याला आठवेना. "उद्या सकाळी सांगतो," तो म्हणाला, आणि त्याच्या अंदाजापेक्षा खुर्ची जास्त मोठ्याने मागे सरकली.

पार्किंगमध्ये तो बराच वेळ गाडीची चावी हातात धरून उभा होता. आज त्याने रोजची साधी चार दारांची गाडी आणली होती. ती दुसरी, लाल, दोन सीटची, घरी झाकून ठेवलेली होती, कंपनीने तिच्या जातीच्या पहिल्या ज्या थोड्या गाड्या काढल्या त्यांतली. ती गाडी म्हणजे त्याचं नाव होतं. ती घडत होती तेव्हा त्याचे केस काळे होते आणि कंपनीत कुणाचाही त्याच्यावर फारसा विश्वास नव्हता. वरिष्ठांना आवाज हवा होता चढा, कानठळ्या बसवणारा, शर्यतीतल्या गाड्यांसारखा. त्याला तो नको होता. त्याला काय हवं होतं हे त्यालाही सांगता येत नव्हतं. मग एका रविवारी त्याने चाचणीची गाडी घरी आणली आणि मुलीला शेजारी बसवून गावाबाहेरच्या वळणांच्या रस्त्यावर नेलं. ती जेमतेम आठ वर्षांची असेल. पट्टा तिच्या गळ्याशी येत होता म्हणून त्याने तिच्याखाली एक उशी दिली होती. चढावर त्याने तिसरा गिअर टाकला, इंजिन खालच्या पट्टीत घुमलं, आणि ती हसायला लागली. खळखळून, मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या क्षणी त्याला सापडलं. हाच तो आवाज. पुढचं सगळं वर्ष तो दर रविवारी नवा सायलेन्सर लावून तिला घेऊन जायचा आणि ती कुठे हसते ते बघायचा. जिथे ती जास्त हसे तो आवाज ठेवायचा, जिथे ती गप्प होई तो टाकून द्यायचा. गाडी बाजारात आली तेव्हा लोकांनी तिसऱ्या गिअरमधल्या त्या घुमण्याबद्दल लेख लिहिले. त्यालाही मुलाखती द्यायला लागल्या, आणि प्रत्येक मुलाखतीत त्याने तेच सांगितलं: तज्ज्ञांना विचारू नका, लहान मुलाला शेजारी बसवा, मूल खोटं हसत नाही.

मूल खोटं हसत नाही. हे वाक्य त्याने किती ठिकाणी टाळ्या घेत म्हटलं होतं. आता पार्किंगमध्ये ते त्याच्या अंगावर धावून आलं. ती खोटं हसली नव्हतीच. हसू खरंच होतं, त्याला तेवढं ऐकू आलं होतं आणि हसण्याच्या आतलं ऐकू आलं नव्हतं. म्हणजे जिथे जिथे तिला सगळ्यात जास्त भीती वाटली तो तो आवाज त्याने निवडून, घासूनपुसून, हजारो लोकांना विकला. गप्प व्हायची तिथे कदाचित तिला बरं वाटत असेल. ते सगळे आवाज त्याने भंगारात काढले. या विचारासरशी त्याने गाडीच्या टपावर हात टेकला. टप उन्हाने तापलेला होता. आणि तरीही, हात पोळत असताना, त्याच्या मनात मुलीबद्दल कणव नव्हती. राग होता. आपल्याला फसवलं गेलं. एवढ्या वर्षांत एकदा, फक्त एकदा, तिने सांगायचं होतं.

बायको गणिताची शिक्षिका होती, तिच्या शाळेला त्या आठवड्यात सुट्टी होती. तो भर दुपारी घरी आला तेव्हा ती स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. त्याने बूट न काढताच विचारलं, "पोरीला त्या गाडीची भीती वाटायची. तुला माहीत होतं?"

तिने फडकं पिळलं. आश्चर्य वाटल्याचं तिने नाटकसुद्धा केलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. "कुणी सांगितलं तुला?"

"म्हणजे माहीत होतं."

"उलट्या व्हायच्या तिला. तू गाडी झाकायला जायचास ना, तेवढ्या वेळात. कपडे मीच धुवायचे. म्हणून तर निघताना तिच्या तोंडात आल्याचा तुकडा द्यायचे."

त्याला तो गालातला फुगवटा लख्ख आठवला. गोळी वाटायची त्याला. खाऊ चघळतेय, मजेत आहे. "आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"वाटलं होतं. तिनेच शपथ घातली. म्हणाली, बाबांना सांगितलंस तर बाबा एकटेच जातील." बायको खुर्चीवर बसली. "आठवडाभर तू घरी असून नसल्यासारखा. तोंडाने बोलायचास आणि कान कारखान्यात. रविवारचा तेवढा तास तू तिच्याकडे बघायचास. सारखा बघायचास, ती हसते का म्हणून. तिला ते हवं होतं. त्याच्यासाठी तिने उलट्या काढल्या, आता बोल."

त्याला वाटत होतं की या स्वयंपाकघरात, या ओट्याशी, त्याच्या पाठीमागे एक दुसरंच घर चालू होतं. कपडे भिजत होते, आलं सोललं जात होतं, दोघी एकमेकींकडे बघून खुणा करत होत्या, आणि तो, ज्याला टाचणी पडलेली ऐकू येते असं लोक म्हणत, तो दाराशी शीळ घालत चावी फिरवत उभा होता. आपण घरचे कर्ते आहोत अशी समजूत असताना एकदम कळावं की आपण पाहुणे होतो, आणि यजमान फार चांगले होते.

"तुम्ही दोघींनी मला मूर्ख बनवलंत," तो म्हणाला.

"आम्ही तुला खूश ठेवलं," बायको म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. "ते सोपं होतं."

मुलगी दातांची डॉक्टर होती. तिचा दवाखाना एका औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता, आणि संध्याकाळी तो तिथे पोचला तेव्हा बाकावर एक आजोबा गाल धरून आणि एक बाई मासिक उलटं धरून बसलेले होते. आतून यंत्राची बारीक किंकाळी येत होती. तो त्या दोघांच्या मधे बसला. आजोबांनी सहानुभूतीने विचारलं, "दाढ?" तो म्हणाला, "हो." खरं तर काहीतरी ठणकत होतंच. इथे बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो या दवाखान्यात उद्घाटनानंतर आलाच नव्हता. भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं लावलेली होती, आणि दारामागे तिचा आवाज कुणालातरी समजावत होता: दुखलं तर हात वर करायचा, मी लगेच थांबणार, तू हात वर केलास की मी थांबणारच. ते वाक्य ती दोनतीनदा म्हणाली. यंत्र सुरू झालं, आणि लगेच थांबलं.

रुग्ण संपल्यावर तिने त्याला आत बोलावलं. त्याला बघून ती दचकली, मग तिने हातमोजे काढले आणि स्टुलावर बसली. बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून तो रुग्णाच्या खुर्चीत टेकला, पाय लांब करून, मान मागे टेकवून, अगदी अडकल्यासारखा.

"ऐकवलं आम्हाला आज," तो म्हणाला.

तिने तो बारीक श्वास आत ओढला. "तुझ्याच कंपनीसाठी होतं ते? त्यांनी नाव नाही सांगितलं, बाबा. एवढंच म्हणाले, गाड्यांबद्दल तरुणांशी बोलतोय."

"माहीत असतं तर नसतीस बोलली."

"नसते बोलले," ती म्हणाली. तिने एवढं प्रामाणिक असायला नको होतं असं त्याला वाटून गेलं.

"परक्यांना सांगितलंस. कुठल्या तरी खोलीत बसून, कुणा तिऱ्हाइताला. आणि मला एकदाही नाही."

"त्यांनी विचारलं, बाबा."

"मी विचारलं नाही?"

"तू बघायचास. विचारायचा नाहीस." ती हातातले मोजे एकात एक घालत होती, काढत होती. "आणि लहानपणाचं सोड. मी मोठी झाल्यावर सांगणारच होते. पण तोवर ते सगळीकडे छापून आलं होतं. कॉलेजात मुलं मला म्हणायची, ती हसणारी मुलगी तूच ना. काय सांगू मी? की माझ्या बापाचं सगळं नाव एका घाबरलेल्या पोरीवर उभं आहे? तूच सांग, कधी सांगायचं होतं मी? कुठल्या वर्षी?"

तो छताकडे बघत होता. तिथे तिने रुग्णांसाठी ढगांचं चित्र चिकटवलं होतं. शेवटी त्याने विचारलं ते भलतंच. "मग कुणाला आवडते ती गाडी? तुमच्या वयाच्या कुणाला तरी आवडत असेल."

"काही जणांना आवडत असेल. मला फोटोत आवडते." ती थोडी हसली, आणि त्याने ते हसू ऐकलं आणि ते कसलं हसू आहे हे त्याला कळलं नाही. मग ती सहज, मोजे कचऱ्याच्या डब्यात टाकता टाकता म्हणाली, "आईला आवडते की."

"आईला? ती कधी बसलीय त्यात?"

मुलीचा हात डब्यावर तसाच राहिला. आपण काय बोलून बसलो हे तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. "बाबा, तू घरी जाऊन तिलाच विचार," ती म्हणाली. "आता मी काही सांगत नाही. मला आता कुणाचंच काही सांगायचं नाहीये."

परतताना रस्ताभर तो स्वतःशी वाद घालत होता. शक्यच नाही. बायकोने कधी त्या गाडीला हातसुद्धा लावला नव्हता. रविवारी ती दारात उभी राहून हात हलवायची आणि आत जायची. एकदा नवीन असताना तो म्हणाला होता, तुला पण नेतो एकदा, आणि ती म्हणाली होती, पोर एकटी कुठे ठेवायची, आणि तो विषय तिथे संपला होता तो कायमचा. पण आता आठवणींचे तुकडे नको तिथून वर येऊ लागले. थंड प्रदेशातल्या चाचण्यांसाठी तो महिना महिना बाहेर असायचा. परत आल्यावर गाडी पहिल्या झटक्यात सुरू व्हायची आणि तो अभिमानाने सगळ्यांना सांगायचा, महिनाभर उभी होती बघा, पण रुसत नाही, इतकी गुणी. उभ्या गाडीचं इंजिन पहिल्यांदा कसं खोकतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? ती खोकायची नाही. हे त्याने ऐकलं होतं आणि ऐकूनही त्याचं श्रेय स्वतःच्या कारागिरीला दिलं होतं.

बायको बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसली होती. तो समोर उभा राहिला आणि या वेळी त्याने आवाज खाली ठेवून विचारलं, "तू चालवतेस ती?"

तिने लाल पेन बंद करून ठेवलं. "चालवायचे. हल्ली तू बाहेरगावी जात नाहीस, त्यामुळे जमत नाही."

"कधीपासून?"

"पोर शाळेत जायची तेव्हापासून. तुझी ती लांबची टूर होती ना, पहिली. एक दिवस कापड काढलं आणि बसले. पहिल्यांदा दाराच्या बाहेर काढायलाच घाम फुटला. मग जमलं. तुझ्या सीटची जागा मी पेन्सिलीने खूण करून ठेवली होती, परत तिथेच न्यायला. पेट्रोल भरून ठेवायचे." ती हे सांगत असताना तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तरुणपणाचं नव्हतं, पण म्हातारपणाचंही नव्हतं. त्या चेहऱ्याची त्याला ओळख नव्हती. "त्या पाण्याच्या टाकीच्या पुढे रस्ता सरळ होतो बघ. तिथे मी तिसऱ्यावरून चौथ्यात टाकायचीच नाही. त्या आवाजासाठी. काय आवाज काढलायस तू. अंगातून जातो."

आयुष्यभर त्याने अनेकांच्या तोंडून ही स्तुती ऐकली होती. ती त्याला हवी होती, मुलीकडून हवी होती, आजच्या त्या रेघेवरच्या तरुण आवाजांकडून हवी होती. आता ती इथे, तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्यापलीकडून आली. त्याने आनंदाने फुटून जायला हवं होतं. पण त्याला एवढंच दिसत होतं की ही बाई त्या सरळ रस्त्यावर एकटी आहे, खुशीत आहे, आणि तो त्या खुशीत कुठेच नाही.

"मला सांगितलं असतंस तर मी काय नाही म्हणालो असतो?"

"नसतास म्हणाला. शेजारी येऊन बसला असतास."

"मग?"

"मग माझ्याकडे बघत बसला असतास. मला कसं वाटतंय ते." तिने पुन्हा पेन उघडलं. "पोरीचं बघितलं होतं मी. मला नको होतं ते. मला कुणी न बघता आवडायला हवं होतं काहीतरी."

तो खाली बसला. तो म्हणाला, "चल, आत्ता जाऊ. तू चालव. मी नाही बघणार." आपल्या आवाजातली विनवणी त्याला स्वतःलाच ऐकू आली.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मायेनेच पाहिलं, आणि मान हलवली. "नको रे," ती म्हणाली. "मला एकटीलाच आवडतं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीच्या खोलीत तीच माणसं होती, पाहणीवाली बाई तेवढी नव्हती. संचालक बाईंनी वेळ घालवला नाही. "तिसऱ्या मुलीचं बोलणं विक्रीवाल्यांना खोटं वाटतंय. म्हणे, रचून सांगितल्यासारखं आहे. तुमच्या कानांवर आमचा विश्वास आहे. खोटं असेल तर ती पाहणी बाजूला ठेवू, नव्या गाडीला अजून एक वर्ष देऊ. तुम्ही बोला."

एवढं सोपं होतं. एक शब्द, आणि त्याची शेवटची गाडी, जिच्या आवाजावर तो तीन हिवाळे झिजला होता, ती रस्त्यावर आली असती. मुलीला कधी कळलंही नसतं. आणि कळलं असतं तरी, तिने इतकी वर्षं त्याच्यापासून जे ठेवलं त्यापुढे हे काहीच नव्हतं. हा विचार त्याने पूर्ण केला, शेवटपर्यंत, त्यातली गोडी चाखत. मग तो म्हणाला, "खरं बोलतेय ती."

"नक्की?"

"नक्की."

बाईंनी कागदावर काहीतरी खरडलं. विक्रीप्रमुखाने खांदे पाडले. "म्हणजे तरुणांना नको आहे," बाई म्हणाल्या, जणू मोठं दुःख झाल्यासारख्या, आणि लगेच, सवयीने, पुढचा प्रश्न केला: "मग हवी कुणाला आहे ही गाडी? कुणी आहे का असं, की ज्याला ती मनापासून आवडते? असेल तर अजूनही विचार करू."

त्याला पाण्याच्या टाकीपुढचा सरळ रस्ता दिसला. गाडीत एक बाई, केस मागे बांधलेले, ओठ घट्ट मिटलेले, हात स्टिअरिंगवर सैल. तिला या खोलीत आणून बसवता आलं असतं. राखाडी रेघ तिच्या आवाजाबरोबर वरखाली झाली असती, टेबलाभोवती माणसं हसली असती, कुणीतरी लिहून घेतलं असतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

हे आपण तिच्यासाठी म्हणालो की तिच्यावर सूड म्हणून, याचा त्याला उलगडा होईना. संचालक बाईंनी मान डोलावली, कागद पालथा घातला आणि त्या पुढच्या विषयाकडे वळल्या. पुढचा विषय कुटुंबासाठीच्या मोठ्या गाडीचा होता, सात सीटच्या. तिच्यातून आवाज अजिबात येऊ नये अशी मागणी होती, आणि ते काम त्याने करावं असं सगळ्यांचं एकमत झालं.